संधिसाधू आजार आणि काशीदचा रस्ता

एचआयव्हीने माणूस मरतो असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. हा विषाणू शरीराचा पहारा उठवतो. जीव घेतात ते मोकळ्या दारातून शिरणारे दुसरेच आजार. क्षय, न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर. निरोगी शरीर ज्या जंतूंना सहज दाबून ठेवते, तेच येथे डाव साधतात. म्हणून वैद्यकाने त्यांना ‘संधिसाधू’ म्हटले. राजकारणात हा शब्द पुरता झिजला असला, तरी येथे तो चपखल बसतो.

या आजारांना अडविण्याची साधने आज उपलब्ध आहेत आणि ती महाग नाहीत. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून निदान होताच ती सुरू करण्याचे धोरण आले. शिवाय ज्याच्या रक्तात सीडी-४ पेशी घनमिलिमीटरला ३५० हून कमी आहेत, त्याला कोट्रायमोक्झॅझोलची रोजची गोळी दिली जाते. औषध जुने व स्वस्त. पण न्यूमोसिस्टिस आणि मेंदूत ठाण मांडणारा टॉक्सोप्लाझ्मा या दोहोंना ते रोखते. क्षयाची लक्षणे नसतील, तर आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा प्रतिबंधक उपचार आहे. तत्पूर्वी विचारावयाचे प्रश्न चारच : खोकला आहे काय, ताप येतो काय, वजन घटले काय, रात्री घाम सुटतो काय? त्यांना यंत्र लागत नाही. लागतो तो विचारणारा, आणि खरे सांगण्याइतका निर्धास्त रुग्ण.

नेमके येथेच घोडे अडते. मुरूड तालुक्यातील काशीदचे उदाहरण घ्यावे. पांढऱ्या वाळूसाठी ख्यातनाम झालेले, सुट्टीच्या दिवशी मोटारींनी फुलून जाणारे हे गाव. तेथून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे ३० किलोमीटर, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसेल. पण खानावळीत वा होडीवर रोजाने राबणाऱ्यास प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. आणि दरमहा ठरल्या दिवशी बाहेर पडणारा माणूस लहान गावात लपत नाही. एस.टी.च्या थांब्यावर ‘कुठे निघालात?’ हा प्रश्न आपुलकीचाच असतो. मात्र ज्याला उत्तर देणे जड जाते, तो एक खेप चुकवतो, मग दुसरी. गोळ्या खंडित झाल्या की विषाणू बळावतो, पेशी घटतात आणि दार पुन्हा उघडते.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्हीविषयक कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचार यांतील भेदभावास बंदी घातली. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधनही घातले. पण कायदा कचेरीतील कागद राखू शकतो, थांब्यावरची कुजबुज नव्हे. तिच्यावर उतारा म्हणजे खेपाच कमी करणे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्यात आली, आणि ते शक्य आहे हे सिद्ध झाले.

मात्र ज्याच्या पेशी घटलेल्या आहेत, त्याला नुसती गोळ्यांची थैली देऊन तीन महिने मोकळे सोडणे घातक ठरेल. औषधे तीन महिन्यांची असली, तरी ते चार प्रश्न तीन महिने थांबू शकत नाहीत. ते विचारण्यास गावातलीच आशा सेविका नेमावी, तर रुग्णाला धास्ती असते ती नेमकी ओळखीच्या माणसाचीच. तेव्हा कोणी विचारावे, घरी की दूरध्वनीवर, हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाकडेच असावयास हवा.