नुसत्या हिरव्या आकड्याने खाडी कळत नाही

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रात १८६ चौरस किलोमीटर कांदळवन होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. उधाणाला अंगावर घेणारी ही झाडे वाढली, याचा आनंद व्हायलाच हवा. पण यात खरी वाढ किती आणि उपग्रहचित्रे अधिक स्पष्ट झाल्याचा वाटा किती, हे आकडा सांगत नाही. नवे कांदळवन उभे राहिले त्या जागी आधी काय होते, हेही त्यातून कळत नाही. खाडीचे भवितव्य नेमके या दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे.

भरतीचे पाणी फिरते ती जमीन ओसाड दिसली तरी ओसाड नसते. ठाण्याच्या खाडीत बांधाकडून पाण्याकडे निघाले, की मिठाचा पापुद्रा धरलेली माती, त्या मातीवर जाड, रसाळ पानांची मोरस, मग तिवर या कांदळवृक्षांचा पट्टा आणि शेवटी उघडा चिखल लागतो. कुठे काय उगवणार, हे पाणी किती वेळ उभे राहते आणि मीठ किती साचते यावर ठरते. तिवरांची पेन्सिलीसारखी श्वसनमुळे भरतीचा गाळ अडवतात. चिखल बोटभर उंचावला, की नवी रोपे तिथे मूळ धरतात. शहरांकडून येणाऱ्या गाळाने आणि सांडपाण्याने या प्रक्रियेला जोर दिला आणि काही दशकांत तिवरे उघड्या चिखलावर पुढे सरकत गेली. रोहित पक्षी मात्र चोच उलटी करून याच चिखलातले शेवाळ गाळून खातात. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. अहवालात वाढ म्हणून मांडली जाणारी जागा रोहितांच्या दृष्टीने घट असू शकते. हे ओळखायचे, तर चिखलात उतरून नोंदी घ्याव्या लागतील.

उपग्रह असताना चिखल तुडवायचा कशाला, असे कोणी म्हणेल. उपग्रहाचे मोल मोठेच आहे. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर खारगवताची जागा कांदळवन घेत असल्याचे १९८४ ते २०११ च्या उपग्रहचित्रांतून सिद्ध झाले. पारा उणे ४ अंशांखाली उतरण्याचे दिवस कमी झाल्याशी त्याचा संबंध जुळला. पण तो जुळला तो सलग २८ वर्षांच्या नोंदींमुळे. शिवाय तिवरांच्या कडेची मोरसची अरुंद पट्टी किंवा बोटभर चढलेला गाळ आकाशातून नीट दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा चर्चेने कुऱ्हाडीला निमित्त मिळेल. तसे होता कामा नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनतोडीला घातलेला अटकाव अबाधितच राहिला पाहिजे. मात्र किनारा नियमन अधिसूचनेने खारपाणथळ आणि जिवंत चिखलपट्टे कांदळवनाच्याच पहिल्या वर्गात ठेवले आहेत. तरी भराव टाकणाऱ्याला सर्वांत सोयीची असते ती नोंद नसलेली जमीन.

म्हणून बांधापासून पाण्यापर्यंत कायमच्या खुणा रोवाव्यात आणि दर पावसाळ्यानंतर त्याच जागी वनस्पती, गाळाची उंची आणि खारटपणा नोंदवावा. ठाणे, नवी मुंबई, रायगडमधील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग आणि खाडीत रोज उतरणारे कोळी बांधव मिळून हे काम थोडक्या खर्चात करू शकतील. त्याला लागते ती चिकाटी : आज रोवलेल्या खुणेचे उत्तर वीस वर्षांनी मिळेल आणि आज ती रोवली नाही, तर तेव्हाही आपल्या हाती फक्त हेक्टर उरतील.