सामना कोणाशी? : महाविद्यालयीन स्पर्धांच्या वेळापत्रकाविषयी

क्रीडास्पर्धांचे वेळापत्रक हा मराठीच्या अध्यापकांनी लिहिण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. कोणी कोणासमोर उभे राहायचे, किती वेळा, कोणत्या ऋतूत आणि कोणाच्या अंगणात, हे ठरविणे म्हणजे संघर्षाची रचना करणे होय. संघर्षाच्या रचनेविषयी आपण वर्गात नाटक शिकविताना तासन्‌तास बोलतो. तीच रचना आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला मैदानावर येते, तेव्हा मात्र तिला आपण कारकुनी काम समजतो. प्रस्तुत लेखाचा रोख या उपेक्षेकडे आहे.

या प्रश्नाची सर्वांत गाजलेली चर्चा सध्या अमेरिकेत चालू आहे. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा. विद्यापीठांचे संघ तेथे 'कॉन्फरन्स' नावाच्या मंडळांत विभागलेले असतात. एका हंगामात एक संघ साधारण १२ सामने खेळतो. मंडळात आठ-दहा संघ होते, तेव्हा प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडे. पुढे दूरचित्रवाणीच्या करारांचा पैसा वाढला आणि मंडळे फुगत गेली. २०२४ पासून 'बिग टेन' या मंडळात १८ विद्यापीठे आहेत. आणि 'अटलांटिक कोस्ट' या मंडळात कॅलिफोर्नियातील, म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरील, दोन विद्यापीठे दाखल झाली आहेत. शब्द आणि अर्थ यांची अशी फारकत भाषेच्या अभ्यासकाला गंमतीची वाटेल. परंतु तिची किंमत खेळाडू विमानप्रवासात आणि बुडालेल्या तासांत मोजतात.

मंडळ मोठे झाले की सर्वांशी खेळणे अशक्य होते, आणि मग निवड करावी लागते. या निवडीत जुनी नाती तुटली. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम या एकाच राज्यातील दोन विद्यापीठांचा परंपरागत सामना २०११ नंतर बंद पडला, कारण त्यांची मंडळे निराळी झाली. तो पुन्हा सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. ओक्लाहोमा राज्यातील दोन विद्यापीठांचा शतकभराहून अधिक काळ चाललेला वार्षिक सामना अशाच कारणाने २०२३ नंतर थांबला. शेजारी शेजारीच राहिले, त्यांच्या भेटीचे निमित्त मात्र गेले.

यावर एका मंडळाने, 'साउथईस्टर्न'ने, काढलेला तोडगा विचारात घेण्याजोगा आहे. तेथे १६ संघ आहेत. २०२५ पर्यंत प्रत्येक संघ मंडळांतर्गत ८ सामने खेळे; २०२६ पासून ९ खेळावेत असे ठरले. त्यांपैकी ३ प्रतिस्पर्धी दरवर्षी तेच, आणि उरलेले ६ फिरते. म्हणजे दोन वर्षांत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा तरी गाठ पडते, आणि चार वर्षांत प्रत्येकाच्या मैदानावर एकदा जाणे होते. विद्यार्थ्याची पदवी चार वर्षांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकडेमोडीमागील शहाणपण कळते. ओळखीचा प्रतिस्पर्धी आणि अनोळखी प्रतिस्पर्धी, दोन्ही विद्यार्थ्याला त्याच्या विद्यार्थिदशेतच भेटले पाहिजेत, हे त्यामागील सूत्र आहे. ते आम्हाला ग्राह्य वाटते.

प्रतिस्पर्धी ठरलेला असण्यात काय विशेष, याचे उत्तर मालवण-कणकवलीकडच्या वाचकांना अमेरिकेत शोधण्याची गरज नाही. आपल्याकडे डबलबारी भजन आहे. दोन बुवा आपापल्या पखवाजवाल्यासह आणि कोरससह समोरासमोर बसतात, आळीपाळीने बारी करतात, एकाने टाकलेल्या कोड्याला दुसरा गजरातून उत्तर देतो, आणि रात्र सरते. जाहिरातीच्या फलकावर त्याला 'जंगी सामना' असेच म्हटलेले असते. या सामन्याचे यश केवळ गळ्यावर अवलंबून नसते; कोणत्या बुवासमोर कोणता बुवा बसवायचा, या आयोजकाच्या निवडीवर ते फार अवलंबून असते. एकाच तोलाचे, परंतु भिन्न स्वभावाचे बुवा समोरासमोर आले तर श्रोते पहाटेपर्यंत हलत नाहीत. आणि तीच जोडी पुढील वर्षी पुन्हा आली, तर गेल्या वर्षीचा अनुत्तरित राहिलेला टोमणा श्रोत्यांच्या लक्षात असतो. ही सामूहिक स्मृती एका सामन्यातून निर्माण होत नाही. ती पुनर्भेटीतून निर्माण होते. दशावतारी नाटकात राजा आणि राक्षस यांच्या युद्धाचा शेवट कोणता हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते, तरी ते पुन्हा पुन्हा पाहायला बसतात, याचेही कारण बहुधा हेच. पुनरावृत्तीने कंटाळा येतो हा आधुनिक समज आहे. लोकपरंपरेचा अनुभव त्याच्या उलट आहे.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ठरलेला प्रतिस्पर्धी ही नेहमीच निरागस गोष्ट असते असे नाही. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास याची साक्ष देतो. युरोपीय आणि पारशी यांच्या सामन्यांतून सुरू झालेली स्पर्धा १९०७ मध्ये हिंदूंच्या संघामुळे तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमानांच्या संघामुळे चौरंगी आणि १९३७ मध्ये 'उर्वरित' या संघामुळे पंचरंगी. या सामन्यांना तोबा गर्दी लोटे. त्यांतील खेळ उच्च दर्जाचा होता, हेही खरे. पळवणकर बाळू यांच्यासारख्या दलित खेळाडूचे कर्तृत्व याच स्पर्धेत उजळले आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेल्याचा वादही याच स्पर्धेने पाहिला. परंतु धर्मावर आधारलेल्या संघांची वर्षानुवर्षे जोडी लावत राहिल्याने 'आपण' आणि 'ते' यांची एक शिकवण प्रेक्षकांना मिळत होती. गांधीजींनी १९४० मध्ये या रचनेविरुद्ध मत दिले आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ती बंद झाली. यावरून घेण्याचा बोध असा, की जोडी लावणारा माणूस तटस्थ कारकून नसतो. आपण कोणाला 'दुसरा' मानावे, हे तो नकळत शिकवीत असतो.

तेव्हा जोडी लावण्याचा निकष कोणता असावा? आमचे मत असे, की भूगोल हा त्यातल्या त्यात निर्मळ निकष आहे. मसुऱ्यात सावंतवाडीकर सावंतांचा भरतगड आहे आणि कालावलच्या खाडीपलीकडे बावड्याच्या पंत अमात्यांचा भगवंतगड. दोन सत्तांनी एकमेकींवर नजर ठेवण्यासाठी बांधलेले हे किल्ले आज केवळ दोन शेजारी गावांच्या डोंगरमाथ्यांवर उभे आहेत. शेजाराचे वैर काळाच्या ओघात निवळते आणि ओळख शिल्लक राहते. जातिधर्माच्या वैराचे तसे होताना आपण पाहिलेले नाही.

आता आपल्या महाविद्यालयांकडे येऊ. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी ओलांडून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. मसुऱ्याहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यात सर्वांनी सर्वांशी खेळणे शक्य नाही, म्हणून विभाग पाडणे अपरिहार्य असते. आमची तक्रार विभागांविषयी नाही. आपल्याकडे महाविद्यालयीन स्पर्धांत सर्रास रूढ असलेली बाद पद्धत ही खरी अडचण आहे. ग्रामीण महाविद्यालयाचा मुलींचा कबड्डीचा संघ जुलैपासून सराव करतो. पावसाने मैदान चिखलाचे झालेले असते, म्हणून कधी शाळेच्या पडवीत, कधी देवळासमोरच्या मांडाजवळ. मग एके दिवशी पहाटेची एसटी पकडून संघ स्पर्धेच्या ठिकाणी जातो. सोडतीत पहिल्याच फेरीत गतविजेता समोर येतो. अर्ध्यापाऊण तासात सामना संपतो, आणि त्या संघाचे वर्षही. संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून गेलेल्या कोणाही अध्यापकाला परतीच्या एसटीतील ती शांतता ठाऊक आहे.

बाद पद्धतीचा युक्तिवाद असा की ती स्वस्त आहे, झटपट आहे आणि श्रेष्ठ कोण हे निःसंदिग्धपणे सांगते. यातील तिसरा मुद्दा तपासून पाहावा. सोडतीत योगायोगाने जे दुसऱ्या बाजूला गेले ते उपांत्य फेरी गाठतात. तेवढ्याच ताकदीचा दुसरा संघ पहिल्या दिवशी घरी जातो. पद्धत विजेता सांगते, उरलेल्यांविषयी काहीच सांगत नाही. आणि शिक्षणसंस्थेला खरी आस्था उरलेल्यांविषयी असली पाहिजे, कारण तेथे बहुसंख्य तेच असतात. वर्गात आपण पहिल्या प्रश्नाला चुकलेल्या विद्यार्थ्याला परीक्षागृहातून बाहेर काढत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. जवळपासच्या दहा महाविद्यालयांचा एक गट धरावा. प्रत्येकाचे तीन प्रतिस्पर्धी कायमचे असावेत, एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशा अंतरावरचे. उरलेल्या सहांपैकी दोघांशी दरवर्षी आळीपाळीने खेळावे. म्हणजे वर्षाला प्रत्येक संघाचे पाच सामने, आणि तीन वर्षांच्या पदवीत गटातील प्रत्येक महाविद्यालयाशी निदान एक भेट. गटातील विजेते मग खुशाल बाद पद्धतीने पुढे खेळोत. खर्च वाढेल, हे मान्य. परंतु शेजारच्या गावी जाण्याचा खर्च मोठा नसतो, आणि एका लांबच्या मुक्कामाच्या खर्चात असे कितीतरी सामने बसतात. दुबळ्या संघांशी खेळून बलवान संघाचा खेळ खालावेल, असा एक आक्षेप घेतला जाईल. त्यावर उपाय फिरत्या दोन सामन्यांत आहे: ते शक्यतो मागील वर्षी समान यश मिळविलेल्या संघांशी त्या वर्षी लावता येतील. तीन वर्षांत सर्वांची गाठ पडली पाहिजे एवढे बंधन पाळले म्हणजे झाले.

राहिला ऋतूचा प्रश्न. वेळापत्रक शहरात बसून केले की ते कागदावरच्या बारा सारख्या महिन्यांचे होते. कोकणात महिने सारखे नसतात. गणपतीच्या दिवसांत कोणी कोणाला सापडत नाही. ऑक्टोबरात भातकापणी असते आणि सत्र परीक्षाही. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात; दशावतारी कंपन्या रात्रीमागून रात्री गावे घेत जातात आणि आमचे निम्मे विद्यार्थी सकाळी वर्गात पेंगतात. फाल्गुनात शिमगा. या सर्वांना अडथळे मानायचे की वर्षाचा आधार मानायचे, हा दृष्टीचा भाग आहे. मुंबईत डॉ. कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली क्रिकेट लीग मुद्दाम पावसाळ्यात खेळविली जाते. ओल्या खेळपट्टीवर टिकणे हीच त्या स्पर्धेची शिकवण ठरली आणि मुंबईच्या फलंदाजीचे तंत्र तेथे घडले असे जाणकार सांगत आले आहेत. स्थानिक हवामानाला शरण गेल्याने स्पर्धेचे मोल कमी होत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

अनिश्चिततेविषयीही येथे काही शिकण्यासारखे आहे. मसुऱ्याच्या आंगणेवाडीतील भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन दरवर्षी दिवस ठरतो: २०२३ मध्ये तो ४ फेब्रुवारी होता, २०२४ मध्ये २ मार्च, २०२५ मध्ये २२ फेब्रुवारी. तारीख जाहीर होईपर्यंत कोणालाच ती ठाऊक नसते, आणि जाहीर झाल्यावर कोणीच ती बदलू शकत नाही. मग चाकरमानी रजा टाकतात, रेल्वे जादा गाड्या सोडते, लाखो माणसे येतात. अमेरिकेत पुष्कळशा सामन्यांची वेळ अवघी १२ किंवा ६ दिवस आधी निश्चित होते. दोन्हीकडे अनिश्चितता आहे. फरक असा की तेथे ती दूरचित्रवाणी कंपनीच्या सोयीसाठी राखलेली असते. येथे ती गावातील लहानथोर सर्वांवर सारखीच पडते. अनिश्चितता अन्यायकारक ठरते ती कोणा एकाच्या मालकीची झाली की. परिपत्रक सोमवारी येते आणि सामना बुधवारी असतो, तेव्हा त्या अनिश्चिततेची किंमत कार्यालयाला पडत नाही. ती पडते घरी विचारून यावे लागणाऱ्या मुलीला. अनेकदा तिची परवानगी येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

म्हणून वेळापत्रक जूनमध्येच जाहीर व्हावे, आणि त्यात फेब्रुवारी-मार्चमधील एक आठवडा कौलासाठी मोकळा ठेवावा. हे कोणाच्या श्रद्धेपुढे नमते घेणे होणार नाही. ज्यांच्यासाठी स्पर्धा आहेत त्यांच्या जगण्याची नोंद घेणे, एवढेच ते आहे.

सिंधुदुर्गातील गावे रिकामी होत चालली आहेत, हे येथे शिकविणाऱ्यांना पटावरून कळते. बारावीनंतर मुंबई-पुण्याकडे किंवा गोव्याकडे जाणाऱ्यांना केवळ सामन्यांनी थांबविता येईल, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. परंतु गावच्या महाविद्यालयाला शेजारच्या महाविद्यालयाशी दरवर्षी भिडण्याचे एक निमित्त असेल, तर ते महाविद्यालय आपले आहे असे म्हणण्याचे एक कारण विद्यार्थ्यांपाशी राहील. आचऱ्याच्या, कट्ट्याच्या, कणकवलीच्या मुलीचे नाव मसुऱ्याच्या मुलीला तिच्या चढाईमुळे ठाऊक असेल. पाच सामन्यांचे वेळापत्रक एवढे देऊ शकते. क्रीडा समित्यांच्या पुढील बैठकीत मराठीच्या अध्यापकांनीही जाऊन बसावे, आणि सोडतीच्या चिठ्ठ्या काढण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे.