प्लॅटफॉर्म कुठलाही असो, गाडी वेळेत थांबली पाहिजे



आमचं गाव चौक. मीरा-भाईंदरमध्ये उत्तनच्या बाजूला, समुद्राला लागून. गावात कोळीवाडा आहे, जेट्टी आहे, टेकडीवर चिमाजी आप्पांचं स्मारक आहे. रेल्वे मात्र नाही. लोकल पकडायची तर आधी बसने भाईंदर स्टेशन गाठायचं. त्यामुळे आमच्या मुलांना होडी लहानपणापासून कळते आणि रेल्वे कळायला लागते ती थेट अकरावीला, कॉलेजसाठी पास काढल्यावर. मग पहिल्याच महिन्यात पूल टाळून रूळ ओलांडायलाही ती शिकतात. माझी खरी काळजी ही आहे आणि आजचा विषय त्यातूनच निघालाय.

विषय आहे रेल्वे सिम्युलेटर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणारा खेळ. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे खेळ शाळेत खेळवायला हरकत नाही, उलट खेळवावेत. पण दोन अटी आहेत. एक, खेळ निवडताना त्याचं चित्र किती सुंदर आहे हे न बघता त्याचा ब्रेक किती खरा आहे ते बघावं. आणि दोन, वर्गातल्या सगळ्यात जुन्या यंत्रावर जो चालेल तोच निवडावा.

दुसरी अट मी पैसे घालवून शिकलो. मागे एकदा हौसेने स्वतःच्या खिशातून असा एक खेळ विकत घेतला. घरी माझ्या लॅपटॉपवर झकास चालला. शाळेतल्या जुन्या संगणकावर घातला तर अर्धा तास नुसतं चाक फिरत राहिलं आणि तास संपला! एक मुलगा म्हणाला, "सर, ही गाडी लेट आहे." सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना मनात आलं, ज्यांच्या घरी भारी संगणक आहे ती मुलं आज संध्याकाळी हा खेळ खेळतील आणि बाकीची नुसती ऐकतील. शाळेने अशी दरी वाढवायची का?

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. 'प्लॅटफॉर्म' म्हटलं की आपल्याला फलाट आठवतो. संगणकाच्या भाषेत प्लॅटफॉर्म म्हणजे यंत्र आणि ते चालवणारी प्रणाली यांची जोडी : विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयपॅड वगैरे. रेल्वेतच याचं छान उदाहरण आहे. आपल्या लोकलचा रूळ ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंद. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचा रूळ ६१० मिलिमीटरचा. दोन्ही गाड्याच, पण एक दुसरीच्या रुळावर चालणार नाही. मिरज जंक्शनवर एकेकाळी वेगवेगळ्या गेजच्या गाड्या येत आणि माणसांना, सामानाला गाडी बदलावी लागे. अँड्रॉइड टॅबचा खेळ थेट विंडोजवर चालत नाही, तो याचसाठी. गेज वेगळा!

काही जण संगणकावर आतल्या आत एक नकली टॅब तयार करणारं सॉफ्टवेअर घालतात आणि त्यात टॅबचा खेळ चालवतात. याला एम्युलेटर म्हणतात. छोट्या रेल्वेचा डबा मोठ्या मालडब्यावर चढवून न्यावा तसा हा प्रकार. काम होतं, पण वजन दुप्पट. नव्या संगणकाला ते पेलतं, जुना धापा टाकतो.

आता आपल्या हाताशी काय काय आहे ते बघू.

टॅबवर सहज मिळणारा म्हणजे चेन्नईच्या हायब्रो इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा 'इंडियन ट्रेन सिम्युलेटर'. आपली इंजिनं, आपली स्टेशनं दिसतात, म्हणून मुलं लगेच रमतात. पटकन सुरू होतो, बोट सरकवलं की गाडी चालते. पहिली ओळख म्हणून चांगलाच. मात्र टॅबवरच्या फुकट खेळांत जाहिराती येतात, मध्येच काहीतरी विकत घ्या म्हणतात. वर्गात द्यायचा तर आधीच उतरवून ठेवावा आणि तासाला इंटरनेट बंद करून चालतो का ते तपासावं.

विंडोजच्या संगणकासाठी 'ओपन रेल्स' आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टने 'ट्रेन सिम्युलेटर' नावाचा खेळ काढला. त्यात इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रिया, जपान इथले मार्ग होते, भारतातला एकही नव्हता. पण लोकांना स्वतः मार्ग आणि इंजिनं बनवायची सोय होती, म्हणून आपल्याकडच्या रेल्वेवेड्या मंडळींनी भारतीय इंजिनं, डबे, मार्ग फावल्या वेळात तयार केले. मायक्रोसॉफ्टने पुढे तो खेळ सोडून दिला. तरी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून 'ओपन रेल्स' लिहिला आणि ती जुनी मेहनत वाचवली. तो फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

तिसरा 'ओपनबीव्हीई'. याचं मूळ जपानमधल्या बीव्हीई या सिम्युलेटरमध्ये आहे. हाही फुकट, हाही खुला. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो आणि फार ताकदवान यंत्र मागत नाही. चित्रं साधी आहेत. पण तुम्हाला मोटरमनच्या जागी बसवून सिग्नल, वेग आणि ब्रेक यांच्याशीच झुंजायला लावतो. आमच्या वर्गात शेवटी हाच टिकला. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्सवर आधारलेली प्रणाली वापरतात. तशा शाळेलाही हा चालेल.

'ट्रेन सिम वर्ल्ड'सारखे मोठे खेळही आहेत. दिसायला अप्रतिम. पण त्यांना दमदार संगणक किंवा प्लेस्टेशन, एक्सबॉक्स लागतो. घरी असेल तर जरूर खेळा. शाळेने त्याच्या मागे लागू नये असं मला वाटतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण संगणकालाही लागू पडते.

आता पहिल्या अटीकडे येतो. ब्रेक!

पहिल्या दिवशी मी मुलांना एकच काम दिलं : गाडी फलाटावर नीट थांबवून दाखवा. आठवीतल्या एका मुलाने जोरात गाडी आणली, फलाट दिसल्यावर ब्रेक दाबला आणि तीन डबे पुढे जाऊन थांबला. दुसरी इतकी घाबरली की फलाट यायच्या आधीच थांबली. पहिल्या तासाला एकालाही जमलं नाही. मग एक मुलगा, ज्याचे वडील तांडेल आहेत, म्हणाला, "सर, होडी धक्क्याला लावताना पप्पा इंजिन लांबूनच कमी करतात. धक्का जवळ आल्यावर नाही." आणि त्याने गाडी बरोबर थांबवली. मी जे अर्धा तास समजावत होतो ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

मग फळ्यावर गणित केलं. तुम्हीही करून पाहा. समजा लोकल ताशी ७२ किलोमीटर वेगाने येतेय, म्हणजे सेकंदाला २० मीटर. ब्रेक लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ०.८ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होतो असं धरू. थांबायला २५ सेकंद लागतील आणि तेवढ्यात गाडी २५० मीटर पुढे जाईल. बारा डब्यांची लोकल साधारण तेवढीच लांब असते! वेग निम्मा, ताशी ३६ केला तर अंतर निम्मं होत नाही, पाव होतं : फक्त ६२.५ मीटर. वेग दुप्पट तर थांबायचं अंतर चौपट. पुस्तकातलं गतीचं समीकरण मुलांना त्या दिवशी हाताला कळलं. शिवाय मोटरमनला धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी आणखी २० मीटर पुढे. मेल-एक्स्प्रेस पूर्ण वेगात असली तर थांबायला याहून कितीतरी जास्त अंतर लागतं.

आता मी मुलांना विचारलं, "रुळावर शंभर मीटरवर माणूस दिसला. मोटरमनने लगेच ब्रेक मारला. काय होईल?" वर्ग शांत झाला. मघाशी तीन डबे पुढे गेलेला मुलगा हळूच म्हणाला, "सर, नाही थांबणार."

बास. मला एवढंच हवं होतं. 'रूळ ओलांडणे दंडनीय अपराध आहे' ही पाटी आपण सगळे रोज वाचतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. तरी लोक ओलांडतातच, कारण मनात कुठेतरी असतं की दिसलो तर गाडीवाला थांबवेल. स्वतः गाडी थांबवून पाहिलेल्या मुलाचा हा गैरसमज निघून जातो.

सिग्नलही असेच कळतात. हिरवा म्हणजे जा. दोन पिवळे म्हणजे सावध, पुढच्या सिग्नलसाठी वेग आटोक्यात ठेव. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव. लाल म्हणजे थांब. लालच्या आधी इतकी पूर्वसूचना का लागते, हे ब्रेकचं गणित केलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

एका मुलीने विचारलं, "सर, मुली चालवतात का हो गाडी?" मी तिला साताऱ्याच्या सुरेखा यादव यांच्याबद्दल सांगितलं. त्या आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत एक्स्प्रेस आणली. त्यानंतर त्या मुलीने आपली पाळी कुणाला दिली नाही!

काही पालक म्हणतात, "आधीच पोरं मोबाईल सोडत नाहीत, आणि तुम्ही शाळेत गेम खेळवता?" तुमची काळजी रास्त आहे. म्हणून आमच्याकडे नियम आहेत. चार मुलांत एक यंत्र. एक चालवतो, एक सिग्नल ओरडून सांगतो, एक वेग लिहितो, एक गाडी कुठे थांबली ते नोंदवतो. दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. खेळापेक्षा वही जास्त वेळ उघडी राहिली पाहिजे. खेळाची एक उणीवही मी दर वेळी सांगतो : इथे चुकलं की 'पुन्हा सुरू करा' असं बटण असतं. भाईंदरच्या रुळावर ते बटण नाही.

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, नवा टॅब येईल, मोठा संगणक येईल, अनुदान येईल, म्हणून थांबू नका. कपाटात धूळ खात पडलेला संगणक काढा, त्यावर काय चालतं ते पाहा आणि मुलांना ब्रेक लावायला शिकवा.

स्वाध्याय : लोकल ताशी ५४ किलोमीटर वेगाने येत आहे. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ०.८ मीटर प्रतिसेकंद कमी होतो. ती किती मीटरवर थांबेल? उत्तर काढा, तेवढं अंतर शाळेच्या मैदानात पावलांनी मोजा आणि त्या टोकाला उभं राहून मागे वळून पाहा. मग घरी जाऊन दादा-ताईला सांगा, उद्यापासून स्टेशनवर पुलावरूनच जायचं.