आय५ च्या स्टिकरवर पैसे टाकू नका
नागरा-गोंदियाकडे सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान टाकायचं म्हणणारे बरेच जण विचारतात, "सर, जुना आय५ स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" मी म्हणतो, आधी पिढी विचारा.

तिसऱ्या पिढीचा आय५ म्हणजे २०१२ चा माल. २०२२ साली आलेला आय३-१२१०० त्याच्या कितीतरी पुढे आहे: ४ कोर, ८ थ्रेड. आणि जुन्याची खरी अडचण वेगाची नाहीच. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे आधार, सातबारा, पासबुक ज्या मशीनवर स्कॅन होतात, तिथे सुरक्षेचे अपडेट नसणं मला तरी पटत नाही.

आय३ घेताना नंबरच्या शेवटी 'एफ' आहे का बघा. तो थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणारच नाही. गेमवाल्यांचं ठीक आहे, आपल्याला काय करायचं?

लग्नपत्रिका, बॅनरचं डिझाईन रोजचं असेल तर रायझन ५ ५६००जी बघा, ६ कोर आहेत. नुसत्या फॉर्मसाठी तो नको. ते पैसे एसएसडी आणि यूपीएसमध्ये घाला. धान नोंदणीच्या गर्दीत लाईट गेली तर अर्धा भरलेला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून.

आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या, नुसतं 'आय३' नको.