भगव्या कफनीतला जादूगार

गेल्या गणेशोत्सवात उधन्यातील एका मंडळाने मुलांसाठी जादूचे प्रयोग ठेवले होते. जादूगार जरीची शेरवानी आणि तुऱ्याचा फेटा अशा थाटात आला. कार्यकर्त्यांनी त्याला बाजूस घेऊन सांगितले की, देवासमोर हा सर्कशीचा पोशाख शोभत नाही. भगवी कफनी आणि रुद्राक्षांची माळ घाला. पोटासाठी आलेल्या त्या माणसाने ते मुकाट्याने मानले. नाणे, दोरी, कबुतर, खेळ सारे नेहमीचेच होते. मात्र टाळ्या बेताच्या पडल्या आणि खेळ संपताच दोन-तीन माउल्या लेकरांना घेऊन त्याच्या पाया पडावयास निघाल्या. एकीने आजारी मुलासाठी अंगारा मागितला. तो ओशाळून म्हणाला, “ताई, मी जादूगार आहे हो, मुलाला डॉक्टरांना दाखवा.”

मंडळास हा बदल ‘सात्त्विक’ वाटला. आम्हांस तो घातक वाटतो.

वेष माणसाआधी बोलतो, हे सरकारी नोकरीत आम्ही रोज पाहिले. खेड्यातून आलेला अर्जदार आमच्याआधी पट्टेवाल्याच्या पितळी बिल्ल्यास नमस्कार करी. (आम्हांला त्याचा किंचित रागही येई!) जादूगाराचे तर निम्मे काम वेषच करतो. प्रश्न एवढाच की, तो वेष प्रेक्षकाला काय सांगतो?

प्रतुलचंद्र सरकार (१९१३–१९७१) महाराजाच्या पोशाखात जगभर फिरले. एप्रिल १९५६ मध्ये बी.बी.सी.वर त्यांनी एका तरुणीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला. वेळ संपल्याने प्रक्षेपण मध्येच थांबले आणि मुलगी खरोखरच मेली, या समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांचे दूरध्वनी खणखणू लागले. त्यांच्या त्या पोशाखावर, परदेशी लोकांना हवा असलेला हिंदुस्थान त्यांनी विकला, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच खोटा नाही. पण रंगमंचावरच्या त्या राजाकडे कोणी जमिनीचा दाखला मागावयास गेले नाही. तो राजा नाटकातला आहे, हे जरीच ओरडून सांगत होती.

याच्या उलट टोकाला फ्रान्सचा रोबेर-उदँ. १८४५ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचे नाट्यगृह काढल्यावर तो प्रेक्षकांतल्या सभ्य गृहस्थांसारखाच काळा कोट घालून उभा राही. मी तुमच्यातलाच एक, फक्त हाताने चलाख, असे तो कोट सांगे. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियास धाडले, ते तेथील मराबूत नामक साधूंच्या चमत्कारांचा दरारा मोडण्यासाठी. हेतू साम्राज्याचा होता, हे खरेच. परंतु चमत्कारास उतारा म्हणून जादूगारच निवडावा लागला, हेही ध्यानात घ्यावे.

आमच्याकडे हेच काम अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते साध्या शर्ट-पँटमध्ये करीत आले. कोणी कधी बुवाचा वेष घेतला, तरी शेवटी युक्ती उघड करून दाखवतो. त्या चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुजरातेत तशा कायद्यास २०२४ साल उजाडले. एकीकडे कायदे करावयाचे आणि दुसरीकडे आपणच हौसेने, वर्गणीच्या पैशांतून, एका प्रामाणिक जादूगाराचा बुवा करावयाचा, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, भगवा रंग आपल्या संतांचा, त्याची एवढी भीती का? आम्हांस त्या रंगाचा आदर आहे, म्हणूनच तो टोपीतून कबुतर काढण्यासाठी वापरू नये, असे म्हणतो. शिवाय मुले कलेचे कौतुक करावयास आली होती. त्यांना हात जोडावयास लावून तुम्ही जादूगाराच्या टाळ्याही हिरावल्यात.

यंदा त्याला पुन्हा बोलवा आणि त्याच्याच शेरवानीत येऊ द्या. जर जुनी होऊन काळी पडली असेल, तर नवीन जरीला सुरतेत तोटा नाही. तिचा आणि शिवणावळीचा खर्च आम्ही देऊ.