डंपरचा हौदा का रुसला?

विचुंब्यात राहणाऱ्याला डंपर काय नवा? ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पण त्याआधी तिथली उलव्याची टेकडी फोडून जागा सपाट करावी लागली. ते सगळे दगड-माती डंपरनीच वाहिले.

आमच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा डंपर चालवतात. त्यांना दाखवायला म्हणून त्याने पुठ्ठ्याचा डंपर केला. पण बटण दाबलं तरी हौदा जागचा हलेना! मोटार नुसती घुरघुरत राहिली. बिचारा रडवेला झाला. “बाई, मोठी मोटार हवी का?” मी म्हटलं, “आधी जॅक कुठे लावलाय ते बघू.”

त्याने जॅक हौद्याखाली अगदी आडवा चिकटवला होता. आता सांगा, दार ढकलताना तुम्ही बिजागरीच्या दिशेने जोर लावलात, तर दार उघडेल का? तसंच झालं. सगळा जोर बिजागरीकडे गेला, वर उचलायला काही उरलंच नाही!

चला, आपण नीट करू. मेडिकलच्या दुकानातून दोन नव्या, सुई नसलेल्या सिरिंज आणा. एक ५ मिलिलिटरची, एक १० ची. माशांच्या टाकीला लागते ती बारीक नळी घेऊन दोन्ही जोडा. आत पाणी भरा, पण हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. हवा दबते, पाणी जवळजवळ दबत नाही. बुडबुडा राहिला तर हौदा धक्के खात वर जाईल.

लहान सिरिंज तुमच्या हातात, मोठी गाडीत. पाण्यातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. मोठ्या दट्ट्याचं तोंड रुंद, म्हणून त्यावर जोर जास्त. पण तो सरकतो मात्र कमी. फुकट काही मिळत नाही, बरं का!

हौदा २० सेंटिमीटर लांब घ्या. मागच्या टोकाला सायकलच्या तारेची बिजागरी करा. तिच्यापासून ६ सेंटिमीटरवर, हौद्याच्या तळाला दट्ट्याचं टोक जोडा. सिरिंजचं दुसरं टोक बिजागरीपासून १५ सेंटिमीटरवर, पण तळाच्या ३ सेंटिमीटर खाली ठेवा. म्हणजे जॅक तिरपा होईल. सिरिंज लांब-आखूड असेल तर हे टोक थोडं मागेपुढे करा. दोन्ही टोकं तारेवर फिरती हवीत. हौदा उठताना जॅकचा कोन बदलतो, गोंदाने चिकटवलात तर मोडेल.

दट्ट्या बिजागरीच्या जास्त जवळ जोडलात तर हौदा उंच जाईल, पण जोर फार लागेल. लांब जोडलात तर हलका जाईल, पण वाळू घसरण्याइतका कलणार नाही. कोरडी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांवर घसरते.

रिमोट हवा असेल तर हाताच्या जागी छोटी गिअरची मोटार लावा. आटे असलेला लांब बोल्ट फिरला की त्यावरचा नट पुढे सरकून लहान दट्ट्या ढकलेल. मोटार थांबली तरी नट तिथेच राहतो, म्हणून हौदा धाडकन खाली येत नाही. खऱ्या डंपरमध्ये मात्र इंजिनावर चालणारा पंप तेल ढकलतो.

आमच्या दोस्ताने जॅक तिरपा केला आणि तीच मोटार, तोच हौदा, झर्रकन वाळू खाली! बाबांनी पाठ थोपटली. पण ते एक वाक्य बोलले, ते तुम्हीही लक्षात ठेवा: “उचललेल्या हौद्याखाली कधी जायचं नाही. नळी फुटली की तेल वाट बघत नाही.” म्हणून दुरुस्ती करतानाही आधी मजबूत टेकू लावतात.

तुमच्याही गाडीला पुठ्ठ्याचा टेकू करा. आणि काही अडलं, तर मोठी मोटार आणण्याआधी जोर कुठे जातोय ते बघा!