सापसुरळीचं तोंड कुठे आहे?

पावसाळा लागला की कोकणातून तिबोटी खंड्याचे फोटो येऊ लागतात. फोटो एकच असतो, काढणारे बदलतात. शेवाळलेली आडवी फांदी. तिच्यावर चिमणीपेक्षाही लहान, नारिंगी-जांभळा पक्षी. चोचीत सापसुरळी. मागे एकसंध हिरवा रंग, त्यात ना पान ना काटकी. पक्षी चौकटीच्या एका बाजूला, आणि तो पाहतोय त्या बाजूला मोकळी जागा सोडलेली. रचनेचे सगळे नियम पाळलेले.

अशा फोटोत जरा सापसुरळीकडे पाहावं. तिचं तोंड कुठे आहे? खंड्या स्वतः गिळणार असेल तर भक्ष्याचं डोकं आपल्या घशाकडे धरतो. दुसऱ्याला भरवायचं असेल तर डोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे घेणाऱ्याच्या घशात ते सरळ उतरतं. डोकं बाहेर दिसलं की समजावं, घास दुसऱ्या कुणाचा तरी आहे. हंगामाच्या सुरुवातीला तो मादीचा असू शकतो. पुढे तो पिल्लांचा असतो. आणि पिल्लं असतात मातीच्या दरडीतल्या बिळात, त्या फांदीपासून काही हातांवर. पक्ष्यासमोरची ती मोकळी जागा मोकळी नाहीच. तो घरट्याकडे पाहतो आहे. चौकट तेवढी अलीकडे संपवली आहे.

घरट्यावरचे फोटो नकोत, असं आता अनेक स्पर्धा आणि पक्षिमित्रांचे गट सांगतात. त्याचा परिणाम झाला, पण भलताच. घरटं फोटोत येऊ नये याची काळजी घेतली जाऊ लागली. घरट्यापाशी जाणं काही थांबलं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची व्याख्या करताना पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणंही तिच्यात धरलं आहे. त्यात घरटं फोटोत दिसलं पाहिजे अशी काही अट नाही.

ती हिरवी पार्श्वभूमीही आपोआप मिळत नाही. सहाशे मिलिमीटरची लेन्स असली तरी पक्षी कॅमेऱ्याच्या जवळ आणि झाडी त्याच्या बरीच मागे असावी लागते. तेव्हाच ती विरघळते. तिबोटी खंड्या राहतो ओहोळाकाठच्या दाट, अंधाऱ्या झाडीत. त्याच्या पाठीला पान लागलेलंच असतं. मग फांदी रोवली जाते. बिळात शिरण्याआधी हा पक्षी जवळपास कुठेतरी क्षणभर टेकतो. ती टेकायची जागा झाडीतून पुढे, उजेडात आणून ठेवली की काम झालं. शेवाळ बघून फांदी निवडायची, आड येणाऱ्या दोन-चार डहाळ्या खुडायच्या. फोटोग्राफर ज्याला ‘क्लटर’ म्हणून वैतागतो, तो त्या पक्ष्याचा आडोसा असतो. चोचीत घास घेऊन, लपतछपत यायच्या नेमक्या वेळी त्याला उघड्यावर बसवलं जातं. टपून बसलेल्या शिक्र्यालाही तो तितकाच स्वच्छ दिसतो.

लपून फोटो काढायच्या कापडी हाइडमध्ये गुपचूप बसणं उघड्यावरच्या गर्दीपेक्षा बरं, हे खरं. त्यातून गावातल्या चार जणांना पैसे मिळतात, हेही खरं. पण हाइड पाणवठ्यावरही लावता येतो. तिथे पक्षी येईल किंवा येणार नाही. घरट्यापाशी मात्र तो येतोच, आणि पुन्हा पुन्हा येतो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही. ही खात्री हाइडवाल्याच्या कौशल्याची नाही, पिल्लांच्या भुकेची आहे.

बऱ्याच स्पर्धांत अखेरच्या फेरीला मूळ रॉ फाइल मागतात. फोटोतून काही पुसलं आहे का, बाहेरचं काही चिकटवलं आहे का, ते तपासायला. इथे त्या फाइलचा काही उपयोग नाही. घरटं पुसलेलं नाही, ते चौकटीत कधी नव्हतंच. त्यापेक्षा प्रवेशिकेत दोन रकाने वाढवावेत. फांदी कुणी लावली? बीळ किती हातांवर होतं? हे रकाने कोरे आले, आणि सापसुरळीचं तोंड बाहेर असलं, तर परीक्षकांनी पार्श्वभूमीचं कौतुक न करता पुढचा फोटो हातात घ्यावा.